बोटं आली का?

आमच्याकडे मैत्रीचा दिवस सोमवारी साजरा झाला. खरा म्हणे रविवारचा असतो, पण रविवारी कोल्ड स्टोरेजला सुट्टी. सुट्टीच्या दिवशी मैत्रीसाठी कामावर या असं कुणी सांगितलं असतं, तर होती ती मैत्रीही मोडली असती. म्हणून सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमध्ये. हे सगळं नव्या मॅडमच्या डोक्यातून निघालं. मॅडम वाईट नाहीत, हौशी आहेत. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौस एकाची असते आणि निस्तरणं दुसऱ्याचं.

मी तिथं खोकी काढते. मटार, मक्याचे दाणे, मासे, जे काही गोठवून ठेवता येतं ते सगळं आमच्याकडे असतं. गाडी लागली की हवी ती खोकी आतून काढायची, ट्रॉलीवर रचायची आणि दाराबाहेर आणायची. अक्कल लागत नाही, अंग लागतं. थंडी मात्र अशी की कितीही कपडे चढवा, ती बोटांना शोधून काढतेच.

आत, म्हणजे गोठवायच्या चेंबरमध्ये, एकटीनं जायचं नाही हा इथला पहिला नियम. प्रत्येकीची जोडी ठरलेली. एक आत जाते, दुसरी दाराशी उभी राहते, मग अदलाबदल. आतला दांडा रेटला की दार आतूनही उघडतं म्हणा, पण बर्फ धरलं की ते कुणाचं ऐकत नाही. मग बाहेरचीनं कडीची खिट्टी काढून दांडा ओढायचा. म्हणजे आत असताना तुमचा जीव बाहेर उभ्या असलेल्या बाईच्या हातात असतो. हे कुणी बोलून दाखवत नाही. रोज बोलत बसलं तर काम व्हायचं नाही.

दुसरा एक नियम आहे, तो कुठं लिहिलेला नाही. बाहेर आलेलीचे हात बाहेरचीनं आपल्या हातात घ्यायचे आणि चोळायचे. चोळता चोळता विचारायचं, "आली?" म्हणजे बोटं आली का. कारण आत गेल्यावर बोटं जातात, असंच आम्ही म्हणतो. ती परत येईपर्यंत सोडायचं नाही. समोरची "आली" म्हणाली की सोडायचं. आमच्यात दोन जावाजावांची एक जोडी आहे. घरात चुली वेगळ्या झाल्यापासून एकमेकींशी बोलत नाहीत, एकीनं मीठ मागितलं तर दुसरी भिंतीकडे बघते. पण दाराशी आल्या की थोरली धाकटीचे हात घेते. "आली?" "आली." दिवसभरात तेवढंच बोलणं.

माझी जोडी गोगलगायीशी. हे नाव तिला कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण शोभतं. चालायला सावकाश, जेवायला सावकाश, सकाळच्या चहाला सांगितलेल्या विनोदावर ही दुपारी जेवताना हसणार. माझं नाव तवा. मी कायम तापलेली असते म्हणून लोडिंगच्या माणसांनी ठेवलं. खोटं नाही. लोक म्हणायचे, तव्यावर गोगलगाय कशी टिकायची? टिकली. गोगलगाय नि पोटात पाय, असंही म्हणायचे. मी इतकी वर्षं बघतेय, तिच्या पोटात काहीही नाही. असतं तर एव्हाना मला दिसलं असतं.

तिची बोटं परत यायची थांबली आहेत हे मला चहामुळे कळलं. चहावाल्यानं उकळता चहा स्टीलच्या पेल्यात ओतून ठेवला होता. बाकीच्या सगळ्या पदरात नाहीतर ओढणीत धरून पीत होत्या. हिनं पेला मुठीत धरला आणि आरामात घोट घेत बसली. मी माझं बोट तिच्या पेल्याला लावलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"भाजत नाही का गं?"

"भाजतं की," ती म्हणाली, पण पेला सोडला नाही.

मी टेबलाखाली तिच्या दुसऱ्या हाताची करंगळी धरली आणि नखानं जोरात चिमटा काढला. ती चहा पीत राहिली. मी अंगठीचं बोट घेतलं, मधलं घेतलं. ती समोरच्या बाईशी भाव वाढल्याबद्दल बोलत होती. अंगठ्याला मात्र जरा थांबली आणि माझ्याकडे बघितलं. अंगठे तेवढे थोडे शिल्लक होते.

"किती दिवस खोटं बोलतेयस?" परतताना मी विचारलं. "रोज 'आली, आली' म्हणतेस ते?"

तिनं नेहमीसारखा वेळ घेतला. "नाही म्हटलं तर तू चोळत बसतेस. तुझी आत जायची वेळ होते, मुकादम ओरडतो."

डॉक्टरकडे आम्ही गेलो नाही. डॉक्टर काय सांगणार ते दोघींना ठाऊक होतं, म्हणूनच गेलो नाही. तिच्या जाकिटाची चेन मी लावायला लागले. हातमोजे मी चढवायचे, डब्याचं झाकण मी उघडायचं, बाथरूमला जाताना मी बरोबर. सकाळी तिच्या घराच्या वळणावर थांबून ब्लाऊजचे वरचे दोन हुक मी लावायचे, ते तिला जमत नव्हते आणि सुनेला सांगायचं नव्हतं. बाकीची कामं ती दातांनी करायची आणि डोळ्यांनी. खिट्टी बसली की नाही हे आपण बोटानं चाचपतो, ती वाकून बघायची. एकदा दारापुढच्या बोळातला दिवा गेला होता, मिट्ट काळोख, मी आत. तरी वेळेवर दार उघडलं तिनं. मी मनात म्हटलं, बघा, दहा बोटांच्या बायका झक मारतात हिच्यापुढे.

मला या सगळ्याचं वाईट वाटलं का? खरं सांगू, फारसं नाही. थंडीत काम करून करून वाईट वाटायलाही वेळ लागतो. एक काम वाढलं, तेवढंच. झाकण उघडायचं तर दोन उघडायची.

पण एक गोष्ट मी पक्की ठरवली होती, हे कुणाला कळू द्यायचं नाही. बोटं गेलेल्या बाईला मुकादम एक दिवसही दाराशी उभी करणार नाही. त्याचं चुकलंही नसतं म्हणा. आणि चेंबर सुटलं की आमच्याकडे दुसरं काम नाही, सरळ घर. तिचं घर चांगलं आहे. मुलगा चांगला, सून तर सोन्यासारखी. उठता बसता म्हणते, "आई, आता बसा तुम्ही." तीच तर भीती. "बसायचं म्हणजे कुठं बसायचं गं?" असं तिनं मला एकदा खरोखरीच विचारलं होतं. 

आणि माझं काय? ती आजारी असताना माझ्याबरोबर दुसऱ्या बायका देऊन झाल्या होत्या. एक फोनवर बोलत लांब जायची. दुसरी हात चोळायची ते भांडी घासल्यासारखे. मी कामावर जाते ते ती तिथं असते म्हणून. एवढं साधं आहे ते. ती गेली तर मी त्या दारातून आत जाईन की नाही, मला सांगता येत नाही.

तर अशा ठिकाणी मॅडम मैत्रीचा दिवस घेऊन आल्या.

बोर्डावर कागद लागला. प्रत्येक जोडीनं सगळ्यांसमोर पुढे यायचं आणि एकमेकींच्या मनगटावर धागा बांधायचा. संध्याकाळपर्यंत ज्या जोडीची गाठ सुटणार नाही, सैल पडणार नाही, तिचा फोटो फ्रेम करून फाटकाशी लावायचा. मी कागद वाचला आणि गोगलगायीकडे बघितलं. ती अजून दुसऱ्या ओळीवर होती. मी वाट बघितली. मग तिनं आपले दोन्ही हात खिशात घातले.

मी तशीच मॅडमकडे गेले.

"मॅडम, त्यापेक्षा रबराचे आणा ना. पोरं घालतात तसले. घातला की झालं."

"अहो मावशी, रबर काय कुणीही घालेल," मॅडम हसल्या. "गाठ मारण्यात मजा आहे. मैत्री म्हणजे गाठच ना?"

"मग मीच दोघींच्या बांधते. ती लाजते लोकांसमोर."

"लाजतात त्यांच्यासाठीच तर हा दिवस." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात इतका ऊबदार होता की मी तशीच परत आले.

त्या दिवशी रजा टाकावी म्हटलं, तर मुकादम म्हणाला, "काय तवाबाई, मैत्रीच्याच दिवशी दोघींच्या पोटात दुखणार का?" म्हणजे तीही वाट बंद.

मग राहिला सराव. रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली. घरात कुणी नव्हतं. मी बाजारातून तसलाच सुती धागा आणला होता, लाल, सुतळीएवढा जाड. आधी म्हटलं माझ्या हातावर बांध, पण मला धीर नाही. ती धागा दातात धरणार, एक टोक अंगठ्याखाली दाबणार, ते सुटणार, पुन्हा धरणार. मी "अगं इकडून, अगं तिकडून" करत राहिले आणि हात हलवत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "तू ऊठ बरं. तू हललीस की माझं बिघडतं."

मग खुर्ची आडवी केली. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची, पाय मनगटाएवढे जाड. तिच्या पायाला धागा गुंडाळून ती गाठी मारत बसली. सुरुवातीच्या सगळ्या सैल. गाठ दिसायला नीट, पण धागा पायावरून खाली घसरायचा. मी म्हटलं, "ओढ. अजून ओढ. घसरली तर सगळ्यांना कळेल." ती ओढायची आणि मग हनुवटीनं धागा ढकलून बघायची. हलला तर पुन्हा. दुपार कलली तेव्हा तिनं एक गाठ मारली, हनुवटीनं ढकलली, दातानं ओढून बघितली, धागा जागचा हलला नाही. ती मागे टेकून बसली.

"बसली," ती म्हणाली.

"अशीच मार उद्या," मी म्हटलं. "या खुर्चीला मारलीस तशीच." मग तिनं आणखी मारल्या, आणि एकही घसरली नाही. मी इतकी खूश झाले की तिला शिरा करून घातला. आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही की खुर्चीला तोंड नसतं.

सोमवारी कँटीनची टेबलं भिंतीला लावली होती. मॅडमनी फुगेही आणले होते. आधी त्या मैत्रीचा अर्थ सांगायला उभ्या राहिल्या. चांगलं बोलल्या. सख्खे भाऊबहीण आपल्याला मिळतात, मैत्रीण आपण निवडतो, असं काहीतरी. मला हसू आलं, कारण आमच्या जोड्या मुकादमानं निवडल्या होत्या, तेही उंचीवरून. पुढे म्हणाल्या, "मैत्री म्हणजे न सांगता कळणं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग एकेक जोडी. धागा बांधायचा आणि एक वाक्य बोलायचं. जावाजावा पुढे गेल्या. थोरलीनं बांधला, धाकटीनं बांधला, दोघींची नजर आपापल्या चपलांकडे. मॅडम म्हणाल्या, "बोला ना, ही तुमची कोण?" थोरली म्हणाली, "ती दार उघडते." आणि जागेवर जाऊन बसली. टाळ्या पडल्या नाहीत. 

आमची पाळी आली. मी तिच्या मनगटावर चटकन बांधला. मग माझा उजवा हात पुढे केला आणि तो खुर्चीच्या पायासारखा ताठ धरला. तिनं धागा दातात घेतला. कुणीतरी हसलं. "गोगलगाय खातेय की बांधतेय?" मुकादम म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं तोंड मिटलं. तिचं लक्षच नव्हतं. ती गाठीकडे डोळे लावून होती. पहिली गाठ पडली. मग ती ओढायला लागली.

आधी मला वाटलं, छान, घट्ट होतेय. मग वाटलं, आता पुरे. तिनं हनुवटीनं ढकलून बघितलं. माझं मनगट काही लाकूड नाही, कातडी हलली, तिच्याबरोबर धागाही हलला. ती पुन्हा ओढायला लागली, अंगातलं सगळं बळ लावून. धागा आत रुतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मॅडम हळूच म्हणाल्या, "अगंबाई, भरून आलं बघा मावशींना." मी मान हलवली. दुसरी गाठ पडली. ढकलून बघितलं. नाही हलला.

"बसली," ती म्हणाली.

मग मॅडमनी विचारलं, "आणि या तुमच्या कोण?"

गोगलगाय विचार करत राहिली. मग म्हणाली, "ही माझे हुक लावते."

मी झटकन मुकादमाकडे बघितलं. पण कँटीनमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं, विनोद केला. "पहिल्यापासून लाडावून ठेवलंय मी तिला," मी म्हटलं, आणि आणखी हसले लोक. गोगलगायही हसली. तेही लगेच, सगळ्यांबरोबर, वेळेवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आपल्याला जमलं याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. ते हसू बघून मला मनगटाचं काही बोलवेना. आणि बोलले असते तर मुकादम गाठ बघायला आला असता, गाठ कशी मारली विचारलं असतं, मग हात बघितले असते. म्हटलं, संध्याकाळपर्यंत काढू. मनगटच आहे, कुठं जातंय.

सुट्टी संपली आणि मासळीची गाडी लागली. माझी आत जायची पाळी. एरवी तिचे हातमोजे मी चढवते, आज माझाच उजवा हात मोज्यात जाईना, फुगला होता. मी तिच्याकडे पाठ करून कसाबसा कोंबला आणि आत गेले.

आत आधी ठणकलं. खांद्यापर्यंत कळा येत होत्या. मग ठणकायचं थांबलं. थांबलं तेव्हा मला बरं वाटलं, म्हटलं, सवय झाली. खोकी काढत राहिले. एक खोकं ट्रॉलीवर ठेवायला गेले आणि ते पायाशी पडलं. उचललं, पुन्हा पडलं. मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं, तर तो खोक्याला धरून होता असं मला वाटत होतं, आणि तो धरून नव्हता. बोटं उघडीच होती. तेव्हा मला कळलं की हे असं असतं. ती इतके दिवस इथं असते. दुखत नाही, खुपत नाही, आपला हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा समोर दिसत राहतो. मला भीती वाटली. वर्षानुवर्षं त्या चेंबरमध्ये जाते, पण भीती अशी त्या दिवशी वाटली.

डाव्या हातानं ट्रॉली ढकलत दाराशी आले. आतला दांडा खांद्यानं रेटला, दार हललं नाही. बर्फ धरलं होतं. मी लाथ मारली. बाहेर खिट्टी निघाल्याचा आवाज आला, मग कडी, आणि दार उघडलं. ती उभी होती.

तिनं नेहमीसारखे माझे हात घेतले. डावा मोजा दातांनी ओढून काढला. उजवा निघेना. तिनं जोर लावला, तो निघाला, आणि आतून निघालेला हात आम्ही दोघी बघत राहिलो. जांभळा झाला होता. धागा दिसतच नव्हता, दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं आणि मधे नुसती लाल रेघ.

मग गोगलगाय सावकाश राहिली नाही. तिनं माझं मनगट तोंडाशी नेलं आणि गाठ चावायला लागली. धागा ओला होऊन आणखी आवळला. ती चावत राहिली, मान हिसडत राहिली. शेवटी धागा तुटला. ती तुकडा थुंकली आणि तोंड पुसलं.

"केव्हापासून दुखतंय?"

"आता दुखत नाही."

"तवे, मी काय विचारतेय?"

"बांधलास तेव्हापासून," मी म्हटलं.

ती माझा हात चोळायला लागली.  पलीकडे गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

"दुखलं तर सांगायचं असतं," ती म्हणाली.

मला राग आला. "तू सांगितलंस?"

"मला दुखतच नव्हतं. तोच तर घोळ आहे."

मी म्हटलं, "अगं, धागाच तर होता. निघाला ना? फ्रेम तेवढी हुकली आपली."

"मी खुर्ची समजून बांधत होते," ती म्हणाली. "तुझं तोंड मी बघितलंच नाही. गाठ बघत होते." मग म्हणाली, "बोळातला दिवा गेला होता, आठवतं?"

"तेव्हा उघडलंसच की दार. काळोखात उघडलंस."

"कशानं उघडलं, माहीत आहे?"

"कशानं?"

"खिट्टी कुठंय तेच कळेना. हातात आहे की नाही तेही कळेना. तू आतून लाथा मारत होतीस. मग जिभेनं शोधली."

मला एकदम आठवलं. त्या दिवशी जेवताना तिनं भाजीला हात लावला नव्हता, नुसता भात खाल्ला होता. मी तिला म्हटलं होतं, नखरे करू नकोस. दाराचं ते लोखंड कसलं गार असतं ते मला ठाऊक आहे. ओला हात लागला तर कातडी सोडत नाही.

"तुझे हात आले की मी वर जाते," ती म्हणाली. "मॅडमना सांगते."

"काय सांगतेस?"

"बोटं नाहीत म्हणून."

"आणि मग?"

"मग बसेन."

निघाले शेवटी पोटातले पाय, माझ्या मनात आलं. मी तिला खूप काही म्हणणार होते. सूनबाई तुला पाट पुसून देईल आणि तू दिवसभर त्या पाटावर बसून काय करशील, असं म्हणणार होते. मला इथं कुणाच्या भरवशावर सोडून चाललीस, असंही म्हणणार होते. तोंडातून निघालं ते वेगळंच. "बसायला येतं कुठं तुला?"

"येईल हळूहळू. तू शिकव," ती म्हणाली. "खुर्ची आहेच तुझ्याकडे."

यावर हसायला हवं होतं. मला तिच्यासारखंच लगेच जमलं नाही.

ती चोळत होती. तळहातापासून वर, मग एकेक बोट, करंगळी शेवटी, नेहमीची पद्धत. आधी मुंग्या आल्या, मग सुया टोचाव्यात तशी आग झाली, आणि मग एकेक बोट परत आलं. तिच्या अंगठ्यावरची भेग मला लागत होती. खिट्टीचा गारठा तिच्या तळव्यात अजून होता, तोही लागत होता.

"आली?" तिनं विचारलं.

माझा हात चांगला तांबडा झाला होता. तिला दिसला असता, पण ती हाताकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

ती चोळत राहिली.